रोही, घोळ आणि रेशनकार्ड

मामांना विचारा

(एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर म्हणून काम केलेले मामा या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

पत्र पहिलं

मामा, नमस्कार. माझं वावर समुद्रपूर तालुक्यात, नाल्याच्या काठानं आहे. यंदा तुरीला फूल लागलं आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रोज रात्री यायला लागला. धुऱ्यानं जुन्या साड्या बांधल्या, भोंगा लावला, जागली केली. तरी नाल्याकडची सहा तासं (पेरलेल्या ओळी) शेंड्यापासून साफ झाली. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. ती म्हणते, रोही गाय नाही, अँटिलोप आहे. आमची आई म्हणते गायच आहे, म्हणून त्याच्यावर हात उचलायचा नाही. मुलीनं आणखी एक सांगितलं, की कायद्यात एक फुलपाखरू वाघाच्या यादीत होतं आणि त्याची अळी आपल्या वावरातली घोळ खाते. रोही मात्र खालच्या यादीत. तर मला सांगा : रोही गाय आहे की नाही? एवढं जनावर खाली आणि दोन बोटांचं फुलपाखरू वर, हा काय हिशोब? आणि निंदताना घोळ उपटली तर मी गुन्हेगार का?
– एक शेतकरी वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

भाऊ, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर तुमचं निंदण खोळंबायचं. घोळ खुशाल उपटा. कायद्यानं त्या फुलपाखराला संरक्षण दिलं, त्याच्या भाजीला दिलं नाही. संरक्षित वनस्पतींची जुनी यादी सहाच नावांची होती. तिच्यात मेघालयातली घटपर्णी होती, ऑर्किडं होती. धुऱ्यावरच्या घोळीला तिथं कोण विचारतो? ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढं लागेल.

आता गाय. तुमच्या घरच्या वादात मुलगी जिंकली, पण आजी पुरत्या हरल्या नाहीत.

रोही म्हणजे गाय नव्हे, हे खरं. पण अँटिलोप म्हणून त्याला काळविटाशेजारी नेऊन बांधलं, तरी चूकच. अँटिलोप हे मुळात कुळाचं नावच नाही. बोव्हिडी नावाचं एक मोठं कुल आहे. पोकळ, फांद्या न फुटणारी, जन्मभर न गळणारी शिंगं ही त्याची खूण. (चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, त्यांना फांद्या असतात, म्हणून त्यांचं कुलच निराळं.) या बोव्हिडीतून गाय, म्हैस, शेळी, मेंढी वेचून घेतली की टोपलीत जे उरतं त्याला अँटिलोप म्हणायची चाल पडली. आठवडी बाजारात सांज झाल्यावर उरलासुरला भाजीपाला एका ढिगात विकतात, तसला तो ढीग. वंशावळ नीट मांडायला बसलं की काळवीट आणि चिंकारा एका फांदीवर जातात, आणि रोही जाऊन बसतो गायी-म्हशींच्या फांदीवर, बोव्हिनी उपकुलात. म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट रोहीला दूरचा, आणि तुमच्या गोठ्यातली गाय जवळची. सख्खी नव्हे, चुलत घरची. आजींना एवढं वाचून दाखवा, जेवण गोड लागेल.

पॅलास नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानं १७६६ साली या जनावराला शास्त्रीय नाव दिलं. आजचं पूर्ण नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. बोस म्हणजे बैल, एलाफोस म्हणजे हरीण, ट्रॅगोस बोकड, कॅमेलोस उंट. एका नावात चार जनावरं कोंबली! आमच्या प्रयोगशाळेत हे नाव फळ्यावर आलं की पोरं हसायची. मी त्यांना म्हणायचो, पहाटेच्या धुक्यात रोही एकदा बघा, मग हसा. खांदा उंच आणि पाठ मागं उतरती, ती उंटासारखी वाटते. नराच्या गळ्याखाली केसांचा झुबका, तो बोकडाचा. पाय हरणाचे. छाती बैलाची. खुरांच्या वर पांढरे पट्टे, पैंजण घातल्यासारखे. नर निळसर राखाडी, मादी आणि पिल्लं भुरी. शिंगं फक्त नराला, तीही वीतभर, सरळ, खुंटीसारखी. आमच्याकडे कितीतरी जण निळा तो रोही आणि भुरी ती दुसरी कुठली तरी जात, असं समजतात. हे नर-मादीचं प्रकरण पुढं फुलपाखरातही येणार आहे, आणि तिथं मी स्वतः फसलोय.

रोहीच्या स्वतःच्या घरात, म्हणजे बोसेलाफिनी गटात, आज जगात दोनच जाती उरल्या आहेत. एक रोही. दुसरा चौशिंगा. मेळघाट, पेंच, ताडोबाकडच्या लोकांनी तो पाहिला असेल : शेळीएवढा, लाजाळू, नराच्या कपाळावर दोन शिंगं पुढं आणि दोन मागं. चार शिंगांचा जंगली सस्तन प्राणी जगात हा एकटाच. सख्खे भाऊ, पण एक गावभर उंडारणारा आणि दुसरा घराबाहेर न पडणारा.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूचीत चौशिंगा पहिल्या यादीत होता, वाघाच्या बरोबरीनं. रोही तिसऱ्या यादीत, रानडुकराच्या पंगतीत. रक्त एकच, यादी वेगळी. तुम्हाला नवल वाटलं ते फुलपाखरामुळं, पण खरी गंमत या दोन भावांत आहे.

लोक दोन कागदांची सरमिसळ करतात. वर्गीकरण म्हणजे वंशावळ. पणजा कोण, चुलतपणजा कोण, कोण कुणाच्या पोटी आला, हे त्यात लिहिलेलं असतं आणि ते कुणाच्या अर्जानं बदलत नाही. नवी माहिती सापडली तर दुरुस्त होतं, एवढंच. संरक्षणाची यादी म्हणजे रेशनकार्ड. कोण हलाखीत आहे ते पाहून द्यायचं. एका बापाची दोन पोरं, एकाकडे पिवळं कार्ड, दुसऱ्याकडे पांढरं, हे आपल्या गावात घरोघरी आहे. आणि रेशनकार्डाच्या बाबतीत आणखी काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही, आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा त्याच्याकडे पिवळं निघतं. यादी माणसं करतात, त्यामुळं तिला माणसांचे सगळे गुण लागतात.

तुमच्या मुलीनं सांगितलेलं फुलपाखरू म्हणजे हिपोलिम्नास मिसिपस. इंग्रजीत डॅनाइड एगफ्लाय. १७६४ साली लिनियसनं त्याला नाव दिलं, म्हणजे रोहीच्या दोन वर्षं आधी. रोही आणि हे, दोघांची वंशावळ जोडायची म्हटली तर फार मागं जावं लागतं. दोघेही प्राणिसृष्टीतले, इथंच सामाईक पान संपलं. पुढं रोही कण्याच्या प्राण्यांत, सस्तन वर्गात, समखुरी गणात. फुलपाखरू सांधेदार पायांच्या संघात, कीटक वर्गात, लेपिडोप्टेरा गणात. लेपिस म्हणजे खवला, प्टेरॉन म्हणजे पंख. फुलपाखरू धरल्यावर बोटाला जी भुकटी लागते ना, ती म्हणजे हे खवले. कुल निम्फालिडी. या कुलाची फुलपाखरं पुढचे दोन पाय छातीशी आखडून ठेवतात. कीटकाला पाय किती, असं प्रात्यक्षिकाला विचारलं की पोरं नमुना बघून 'चार' म्हणायची आणि मास्तरांचा मार खायची. पोरांनी मोजलेलं बरोबरच असायचं.

या फुलपाखराचा नर काळा. पंखांवर पांढरे मोठे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळट-निळी झाक, ऊन तिरपं पडलं तरच दिसणारी. एकदा एखादा दगड धरला की तो तिथंच येऊन बसतो, आणि दुसरं कुणी फिरकलं की हुसकावून लावतो. आपल्या रोहीच्या लेंड्यांचा ढीगही असाच एका जागी असतो, रोज तिथंच. दोघांचंही पत्ता सोडणं चालत नाही. मादी मात्र पूर्ण वेगळी : नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. हुबेहूब रुईवरचं फुलपाखरू, ज्याला इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात. शनिवारी मारुतीला हार घालायला आपण रुईची पानं तोडतो, तेव्हा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते, ती याची. रुईचा चीक अळीच्या अंगात मुरतो, फुलपाखरातही उतरतो, आणि ते खाल्लेला पक्षी ओकून टाकतो. एकदा ओकला की पुन्हा नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. घोळ खाऊन वाढलेल्या आपल्या मादीच्या अंगात विष नसतं. ती फक्त सोंग घेते. आपल्याकडे बहुरूपी खाकी घालून दारात येतो आणि क्षणभर घरधनी दचकतो, तसं. हेन्री बेट्स नावाच्या इंग्रजानं ॲमेझॉनच्या जंगलात असली सोंगं पाहून १८६२ मध्ये त्याचं कोडं उलगडलं.

आता माझी फजिती सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा संग्रहातल्या पेट्या माझ्या ताब्यात आल्या. सागवानी पेटी, काचेचं झाकण, तळाला कॉर्क, कोपऱ्यात डांबरगोळ्या. दरवर्षी पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांना फुलपाखरं जमवून आणायला सांगत. ती मऊ करायची, फळीवर पंख पसरून टाचायची, आणि टाचणीखाली टाकानं लिहिलेली चिठ्ठी लावायची, हे माझं काम. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे. नारिंगी फुलपाखरांच्या पेटीत अकरा नमुने होते. अकराही चिठ्ठ्यांवर मीच प्लेन टायगर लिहिलेलं.

१९९४ ची गोष्ट. देवळीकडची एक मुलगी, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती भिंग घेऊन पेटीवर किती वेळ वाकून होती. मग म्हणाली, "मामा, याच्या मागच्या पंखावर काळे ठिपके तीन पायजेत ना? याले तं एकच हाय, तेबी वरच्या कडेले." मी म्हटलं, पंख झिजला असेल. ती म्हणाली, "अन् याचाबी झिजला काय?" दुसऱ्यावर बोट ठेवलं.

मी झाकण काढलं. रुईवरच्या फुलपाखराच्या मागच्या पंखावर मध्यावर तीन काळे ठिपके असतात, नराला चौथा. दहा-दहा वेळा पाहिलेली गोष्ट. अकरांपैकी नऊवर ते होते. दोघांवर नव्हते. एकेकच ठिपका, वरच्या काठाशी. अकरा जणांच्या त्या पंगतीत दोन बहुरूपी इतकी वर्षं बसून होते, आणि खाकी पाहून सलाम करणारा पहिला मीच.

त्या मुलीनं पुढचंही शोधलं. 'ओळख पटली नाही' असं लिहिलेली दुसरी एक पेटी होती. तिच्यात पांढऱ्या ठिपक्यांचं काळं फुलपाखरू. ते खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं, तर ठिपक्यांच्या कडेनं जांभळी झाक उमटली. नवरा एका पेटीत बेनाव, बायको दुसऱ्या पेटीत परक्या नावानं!

मला आनंद झाला होता. विभागात जाऊन सांगितलं. तिथल्या वरिष्ठांनी पुस्तक काढलं, मग कायद्याची प्रत काढली, आणि त्यांचा चेहरा उतरला. हे नाव पहिल्या अनुसूचीत होतं. म्हणजे वाघाचं कातडं आणि माझी टाचणी एका कलमाखाली. एक ते सहा वर्षं कैद! मला म्हणाले, "मामा, चिठ्ठ्या बदला. पण बाहेर बोलू नका." मी चिठ्ठ्या बदलल्या. आज पहिल्यांदा बाहेर बोलतोय, नाव-गाव न सांगता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वर ठेवलं म्हणजे हे फुलपाखरू फार दुर्मीळ असेल. तसंही नाही. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया, आणि समुद्रापलीकडे अमेरिकेकडची बेटं, इतका त्याचा पसारा आहे. पावसाळा उलटला की आपल्या परसातही दिसतं. मग ते पहिल्या यादीत कसं गेलं? यादीत कारण लिहायचा रकाना नसतो. माझं मत विचाराल तर पिवळं कार्ड भलत्याच घरी गेलं. पण त्याचा राग फुलपाखरावर काढण्यात अर्थ नाही.

यादीचा तुमच्या तुरीशी संबंध कलम ११ मध्ये येतो. पहिल्या यादीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. पीक खाल्लं, हे कारण तिथं चालत नाही. (फुलपाखरू माणसाच्या जिवावर कसं उठणार, हे कायदा करणाऱ्यांनाच विचारा.) खालच्या यादीतल्या प्राण्यांच्या बाबतीत मालमत्तेचं नुकसान हेही कारण धरलं जातं, आणि उभं पीक म्हणजे मालमत्ता, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. परवानगी मात्र अधिकाऱ्याचीच लागते, लेखी, कारणांसह. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं एखादं जनावर उपद्रवीही ठरवू शकतं. २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत रोहीचं तसंच झालं आणि पुढच्या वर्षी शिकारी आणून रोही मारले गेले. त्यावरून देशभर गदारोळ झाला. पहिल्या यादीतल्याच्या केसालाही असा धक्का लागत नाही. म्हणून वर-खालीचा हिशोब महत्त्वाचा. आकाराचा त्यात काही भाग नाही, मानाचाही नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनं हे सगळं पुन्हा मांडलं गेलं. सहाच्या चार अनुसूची झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत. वर मी जुन्या यादीचं सांगितलं, कारण तुमच्या मुलीनं तेच वाचलं आहे. अर्ज करताना आजची अनुसूची वनपरिक्षेत्र कार्यालयात बघून घ्या. नुकसानभरपाईसाठी एक सांगतो : पंचनामा होईपर्यंत ती सहा तासं जशी आहेत तशी ठेवा. वखर घालू नका. खुरांचे ठसे आणि लेंड्या यांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे रोही की मोकाट जनावरं हा वाद उरत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वावरात माणसं यायला इतके दिवस लागले की खाल्लेली तूर पुन्हा फुटली, आणि आलेला माणूस म्हणाला, पीक तर चांगलं आहे की! हसावं का रडावं कळेना.

आणि साड्यांचं म्हणाल तर रोहीला त्या अडवणार नाहीत. तो मागच्या पायांवर जोर देऊन सहज पलीकडे जातो. डुकराला थोडा वेळ बिचकवतात, एवढंच. झटका मशीनच्या तारा लावणारे आमच्याकडे वाढलेत. सौर बॅटरीवर चालणारं, क्षणाचा झटका देणारं मशीन घ्या. थेट वीज तारेत सोडण्याच्या नादाला चुकूनही लागू नका. त्यात रोही मरतो, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी मरतो.

खरं दुखणं कुणाला आहे, ते आता बघा. रोहीला घनदाट जंगल लागतच नाही. झुडपी रान, माळ, नाल्याकाठची बाभूळ आणि शेजारी उभं पीक, म्हणजे त्याचं स्वर्गसुख. पिल्लं पुष्कळदा जुळी. गाय समजून लोक हात लावत नाहीत, आणि वाघ-बिबट सगळीकडे नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'काळजी नसलेला' म्हणून नोंदला आहे. अमेरिकेत टेक्सासच्या कुरणांत शंभर वर्षांपूर्वी हौसेनं नेऊन सोडला, तर तिथंही माजला. त्याला कार्ड असो नसो, तो जेवतोच.

फुलपाखराचं उलटं. त्याला पिवळं कार्ड मिळालं, पण दुकानात धान्य नाही. त्याच्या अळीला घोळ पाहिजे. काळी, फांद्यांसारख्या काट्यांची, तांबूस डोक्याची अळी असते ती. आमची आई घोळीची भाजी निवडताना ती दिसली की काडीनं उचलून अंगणातल्या घोळीवर ठेवायची. अहिंसेसाठी नव्हे, किळस यायची म्हणून. तेव्हा घोळ होतीही खूप. डवरणी झाली, निंदण झालं, तरी धुऱ्यावर, विहिरीच्या थाळ्यात, गोठ्याच्या मागं ती उरायचीच. घोळ आणि तिची धाकटी बहीण चिवळ, दोन्ही बाजारात वाटा लावून विकायला यायच्या. तुम्ही निंदताना उपटता त्यानं काही बिघडत नाही, चार दिवसांत ती पुन्हा उगवते. पण आता निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून पंपानं तणनाशक मारतात. वावरात मारतात आणि टाकीत उरलं म्हणून धुऱ्यावरही मारतात. त्यानं घोळ जाते, अळी जाते, आणि कायदा मोडल्याची नोंद कुठंच होत नाही. कारण फुलपाखराला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो. टाचणी टोचणारा मी गुन्हेगार, आणि धुरा जाळणारा कोरा. तुमच्या मुलीला सांगा, परीक्षेत हे कुणी विचारणार नाही, पण तिनं ध्यानात ठेवावं.

तुम्ही उरलेली टाकी धुऱ्यावर रिकामी करत नसाल, तर घोळीच्या बाबतीत तुमच्याकडून मला एवढंच पुरे. करत असाल तर ती बंद करा आणि एक हात भाजी घरी न्या. तुरीच्या वरणात झकास लागते. रोह्यांनी वरणापुरती तूर ठेवली असेल, असं धरून चालतो.

त्या दोन बहुरूप्यांचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. निवृत्त व्हायच्या वर्षी पेट्यांची यादी करायला बसलो. एका पावसाळ्यात डांबरगोळ्या भरायच्या राहिल्या होत्या आणि पेटीत कीड शिरली होती. अकरांपैकी चारच धड होते. त्या दोघींच्या जागी कॉर्कवर नारिंगी भुकटी, टाचणी उभी, आणि खाली माझ्याच अक्षरातली दुसऱ्यांदा लिहिलेली, आता एकदम बरोबर असलेली चिठ्ठी.

पत्र दुसरं

मामा, संत्र्याच्या रोपवाटिकेत अळ्या पडल्यात. आधी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. डिवचलं की डोक्यामागून तांबडी शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात. शेजारी म्हणतो, हे आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे, मारशील तर आत जाशील. खरं का?
– एक संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

शेजाऱ्याला अर्धी माहिती आहे, आणि अर्धी माहिती फार बोलते. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ते म्हणजे ब्लू मॉर्मन, मराठीत राणी पाकोळी किंवा नीलवंत : तळहाताएवढं, काळं, मागच्या पंखांवर निळाई सांडलेलं. तो मान आहे, शेकरूला राज्यप्राण्याचा मान आहे तसा. मान म्हणजे अनुसूची नव्हे. ती कागदपत्रं वेगळ्या कपाटात असतात.

तुमच्या रोपांवरचं बहुधा लिंबू फुलपाखरू आहे, पॅपिलिओ डेमोलिअस. काळ्यावर पिवळे ठिपके, शेपटी नाही, मागच्या पंखाच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका. संत्रा-लिंबाच्या रोपवाटिकेतलं हे नेहमीचं गिऱ्हाईक. नीलवंत याच्याच घरातला, त्याची प्रजातीही पॅपिलिओच, आणि लिंबाच्या जातीची झाडं त्यालाही चालतात. दोघांच्या अळ्या लहानपणी विष्ठेसारख्या, दोघांनाही ती तांबडी शिंगं. म्हणून अळी पाहून छातीठोक सांगणं अवघड.

मोठ्या झाडाला या अळ्यांनी काही होत नाही. नुकसान रोपांचं, कारण कोवळी पालवीच जाते. रोपं हजार-दोन हजार असतील तर सकाळी दोन माणसं लावून अळ्या हातानं वेचून घ्या. वेचलेल्या अळ्या बांधावरच्या बेलावर किंवा कढीपत्त्यावर सोडा, त्यांचं पोट भरेल. फवारणी करायचीच असेल तर कृषी सहायकाला विचारून, आणि फक्त पालवी फुटताना.

शेजाऱ्याचं तोंड बंद करायचं असेल तर दोन मोठ्या अळ्या काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला फडकं बांधा, एक उभी काडी ठेवा, रोज ताजं पान द्या, आणि बरणी उन्हात ठेवू नका. अळी काडीला दोरा बांधून टेकेल, कोष होईल. मग थोडे दिवस धीर धरा. पिवळे ठिपके निघाले तर शेजाऱ्याला बोलावून दाखवा. निळं निघालं तर आधी मला पोस्टकार्ड टाका.